आडवा आठ

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! निघताना ताईने ही वही हातात कोंबली. म्हणाली, तुझं तोंड चोवीस तास चालतं, तिथे ऐकायला कोणी नसेल तर वहीला सांग, पण शेजाऱ्यांचं डोकं खाऊ नकोस. थोरल्या बहिणीचं ऐकावंच लागतं, आणि आता तर जास्तच, कारण माझी सहा वर्षांची लेक सध्या तिच्याकडे आहे. लेकीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात सापडेल, घरात ती भिंगरी. हाताला लागेल ते फिरवून बघते. नळ, बाटलीची झाकणं, दाराच्या मुठी. गेल्या वर्षी तिने ताईचा शिट्टी मारणारा कुकर फिरवून फिरवून असा बसवला होता की तो उघडायला दोन माणसं लागली.

काम असं आहे. इथल्या रस्त्यांवरचे जुने पिवळे दिवे काढून पांढरे बसवणार आहेत. त्याआधी प्रत्येक रस्ता रात्री, त्या पिवळ्या उजेडात जसा दिसतो तसा टिपून ठेवायचा. चाळीस रस्ते, तीन आठवडे. दिवाबत्ती विभागाचे साहेब म्हणाले की काम पसंत पडलं तर नोकरी कायम, आणि राहायला दोन खोल्या. म्हणजे भिंगरी कायमची माझ्याजवळ. तिची आई गेल्यापासून दोन वर्षं मी तिला पाहुण्यासारखा भेटतोय. पासपोर्टचे फोटो काढून काढून आयुष्य गेलं, आता जरा नशीब हसेल असं वाटतंय.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. समोर एकच लांब खिडकी, आणि तिच्यातून रस्ता सरळ शेवटच्या दिव्यापर्यंत दिसतो. खाली घरमालकीणबाई राहतात. त्यांचे यजमान कॅमेरे दुरुस्त करायचे, चार वर्षांपूर्वी वारले. बाई सडेतोड आहेत, पण चहा चांगला करतात.

पहिल्याच घासाला खडा मात्र लागला. प्रवासात माझी एकुलती एक चांगली लेन्स पडली. फोकस करायला गेलं की नुसती घरघरते. दुरुस्तीला पाठवली, पंचवीस तारखेपर्यंत मिळणार नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो! माझं रडगाणं ऐकून घरमालकीणबाई आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेली एक लेन्स घेऊन आल्या. यजमानांच्या बाकीच्या लेन्सा त्यांनी विकून टाकल्या, ही वेगळ्या कप्प्यात होती म्हणून राहून गेली.

पन्नास वर्षांपूर्वीची तरी असेल. सगळी धातूची, हातात घेतली की वजनमापासारखी जड. हिला मोटर नाही, वायर नाही. फोकस आपल्या हाताने रिंग फिरवून करायचा. माझ्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर ती एका साध्या अडॅप्टरने, म्हणजे जोडकडीने, बसली. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला कळतच नाही की पुढे लेन्स आहे. ‘लेन्स नसली तरी फोटो काढ’ असं त्याला मेनूत जाऊन सांगावं लागतं.

मिररलेसची एक गंमत भिंगरीला दाखवायला हवी. हाताने फोकस करताना, ज्या वस्तूवर तो नेमका बसतो तिच्या किनारीला आतल्या पडद्यावर लाल रेघ उमटते. रिंग फिरवली की लाल रेघ मांजरासारखी एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर चालत जाते. रिंगवर अंतरं कोरलेली आहेत : तीस मीटर, पंधरा, दहा, सात, पाच, तीन, दोन, दीड, एक आणि शेवटी साठ सेंटिमीटर. दुसऱ्या टोकाला आडवा आठ. आडवा आठ म्हणजे अनंत, म्हणजे लांबचं सगळं.

खोट एकच. रिंग आडव्या आठावर घट्ट अडकली आहे, तसूभर हलत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली रात्र झकास गेली. जुनी काच दिव्यांभोवती असं मऊ वलय आणते की नवी लेन्स हजार वर्षांत आणणार नाही. ओली फरशी, बंद दुकानं, झोपलेली कुत्री, सगळ्यावर साय धरल्यासारखा उजेड.

शेवटच्या दिव्यापाशी कोणीतरी उभं होतं. पडद्यावर लाल रेघांनी माणसाचा आकार दिसला, उंच, एक हात वर केलेला. मला वाटलं, आपल्याला बघून हात करतोय. मीही केला. मग कॅमेऱ्यावरून डोकं काढून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर रस्ता रिकामा. फोटोतही कोणी नाही. गेला असेल घरी. मी मात्र शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोर हवेला टाटा करत उभा! ताईला कळलं तर वर्षभर चिडवेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

साहेब फोटोंवर बेहद्द खूश. जुन्या दिव्यांना जुनंच भिंग शोभतं म्हणाले. पण जवळच्या खांबांवरचे नंबर पुसट आलेत, ते वाचता यायला हवेत. आता रिंग आडव्या आठाला चिकटलेली, पाच मीटरवरचा खांब स्पष्ट येणार कसा?

माझे हात शिवशिवतच होते. दुपारी लेन्स उघडली. आत रिंगच्या आडवा एक इवलासा स्क्रू मारलेला सापडला. असा स्क्रू कंपनी मारत नाही, हे नंतर कोणीतरी मुद्दाम भोक पाडून केलेलं काम. शिवाय आट्यांमध्ये डिंकासारखं घट्ट ग्रीस भरलेलं. मी स्क्रू काढला, जुनं ग्रीस धुऊन काढलं आणि पातळ नवीन लावलं. आता रिंग एका बोटाने फिरते, लोण्यातून सुरी जावी तशी. फारच पातळ झालं खरं. कॅमेरा खाली तोंड करून धरला तर काचेच्या वजनाने रिंग आपोआप सरकते, आणि सरकते ती नेहमी लहान आकड्यांकडे. चालायचंच.

स्क्रू जमिनीवर पडून कुठेतरी घरंगळला. मरो, त्याची गरज कोणाला आहे?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक विचित्र प्रकार झाला, शांतपणे लिहून काढतो.

बाजाराच्या रस्त्यावर एक खांब टिपायचा होता. पावलं मोजली, पंधरा मीटर. रिंग पंधरावर आणली. खांबाच्या किनारीला लाल रेघ आली, आणि खांबाशेजारी तोच उंच माणूस. नुसत्या लाल रेघा, आत काही नाही. आतून मागची भिंत दिसते. डोळ्यांनी पाहिलं तर खांब एकटा.

कॅमेऱ्याचा दोष असणार म्हणून रिंग दहावर आणली. खांब पुसट झाला. माणूस नाही झाला. तो दहा मीटरवर आला होता.

सातवर आणली तर सातवर.

परत आडव्या आठावर नेली. तो रस्त्याच्या टोकाला, हात वर करून. मी खोलीवर येईपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि कबूल करतो, जिना धावत चढलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस डोकं खाजवतोय. दुकानातून दुसऱ्या एका कॅमेऱ्याची लेन्स मागून आणून लावून बघितली, काही नाही. ही लावली की तो आहे. रिंगवर जो आकडा, तितक्या अंतरावर तो. दावं लावलेलं जनावर असावं आणि दाव्याचं टोक माझ्या हातात असावं, तसं.

हे कोणाला सांगू? साहेबांना सांगितलं तर नोकरी गेली. ताईला सांगितलं तर भिंगरीला पाठवणार नाही. अजून सव्वीस रस्ते बाकी आहेत. खांबाचे नंबर मी आता साध्या मोबाइलने टिपतो आणि या लेन्सला आडव्या आठावरून हलू देत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मीच गाढव. पातळ ग्रीस.

काल रात्री कॅमेरा टेबलावर ठेवला, पिशवी खाली दडपली गेली होती म्हणून त्याचं तोंड किंचित खाली. पहाटे जाग आली ती गारठ्याने. टेबलासमोर, खिडकीजवळ, माझी खुर्ची आहे. तिची उशी दबलेली होती. कोणी बसल्यावर दबते तशी, आणि माझ्या डोळ्यांदेखत तशीच दबून राहिली. मी उठलो नाही. हात लांबवून कसाबसा कॅमेरा ओढला आणि रिंग बघितली. दोनवर सरकली होती.

टेबलापासून खुर्ची दोन मीटर.

रिंग आडव्या आठावर नेली. उशी फुगून वर आली, सावकाश.

मी घाबरलो आहे. वहीशी काय खोटं बोलायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घरमालकीणबाईंना आडून आडून विचारलं. बाईंनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या की रात्री जिन्यावर पावलं न वाजता कोणीतरी चढतंय असं त्यांनाही परवा वाटलं होतं, आणि असं त्यांना फार वर्षांनी वाटलं. यजमानांची दुरुस्तीची वही त्यांनी काढून दिली. प्रत्येक लेन्सपुढे दोषाची नोंद, दुरुस्तीची नोंद, गिऱ्हाईक कधी घेऊन गेलं ती तारीख. या लेन्सपुढे लिहिलंय :

“दोष नाही. आडव्या आठावर स्क्रू मारून बंद केली. उघडू नये. फोडू नये, फोडली तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. गिऱ्हाईक घ्यायला आलं नाही. परवा रस्त्याच्या टोकाला दिसलं.”

शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. बाई म्हणाल्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर लेन्स दिली असती का?

बाईंच्या यजमानांनी चार हात लांब बांधून ठेवलेलं मी सोडून दिलं. दोन तासांत. हाताला खाज सुटली म्हणून.

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्क्रू सापडत नाही. पलंगाखाली, फटीत, केरात, सगळीकडे शोधला. त्या मापाचा स्क्रू घड्याळजी आणून देणार आहे, पण शनिवारी, बावीस तारखेला. तोवर रिंगभोवती काळी चिकटपट्टी, सात वेढे. ओढून बघितलं, हलत नाही.

दोन रात्री निवांत. एकतीस रस्ते झाले. तो टोकाला असतो, हात वर करून. मी आता हात करत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी पत्र दिलं. नोकरी पक्की! शुक्रवारपर्यंत उरलेले रस्ते पूर्ण करायचे. ताईचा फोन आला, तिच्या घरी पाहुणे येणार, म्हणून भिंगरीला उद्याच सोडते म्हणाली. शनिवारनंतर ये म्हणालो. कारण विचारलं तर काय सांगणार? त-त-प-प झालं. ताई चिडली, पोर रोज तारीख मोजते आणि तुला दोन दिवस जड झालेत का म्हणाली.

ये म्हणालो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आली! एक दात पडलाय आणि तो डबीत घालून आणलाय. ताई चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

रस्ता ओलांडताना भिंगरीने माझं बोट मुठीत असं आवळलं की रग लागली. मीच शिकवलंय तिला, काही झालं तरी मोठ्या माणसाचं बोट सोडायचं नाही. खोलीत येताच तिने नळ, खिडकीची कडी आणि माझं घड्याळ फिरवून बघितलं. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. शपथ घेतली तिने.

आज फार दिवसांनी खोलीत कोणीतरी हसलं. शनिवार येऊ दे फक्त.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचे चार रस्ते झाले. भिंगरी खाली बाईंकडे होती. कामाला जाण्यापूर्वी स्टँडवर लावलेल्या कॅमेऱ्यात तिने डोळा घातलाच. म्हणाली, बाबा, तो लांब एक लाल काका आहे, तो मला बोलावतोय. जवळ का आणत नाहीस?

मी ओरडलो. इतका ओरडलो की ती रडली. मग मलाच रडू आलं. जवळ घेतलं, समजावलं. तो वाईट आहे का, विचारलं तिने. मी हो म्हणालो. वाईट आहे तर हात का हलवतो, म्हणाली.

आता झोपली आहे. लेन्स काढून कपाटात ठेवणार होतो, पण काढताना रिंगला धक्का लागायची भीती वाटते. सात वेढे आहेत. स्टँड घट्ट आहे, तोंड खिडकीबाहेर. सकाळी घड्याळजी दहाला उघडतो. डोळे मिटतायत. तीन आठवड्यांचं जागरण

२२ नोव्हेंबर, रात्री १.४०

देवा

जाग आली गारठ्याने. पलंगावर भिंगरी नाही. कॅमेऱ्याचा पडदा चालू. चिकटपट्टी गोळा करून जमिनीवर. रिंग साठ सेंटिमीटरवर.

ती स्टँड आणि खिडकीच्या मधे उभी. मान वर. एक हात वर, मूठ वळलेली. रस्ता ओलांडताना धरते तशी. कोणाचं तरी बोट.

मी विचार केला नाही. झडप घातली आणि रिंग आडव्या आठावर नेली. एका झटक्यात.

ती नाही.

दाराला आतून कडी आहे. खिडकीला गज आहेत. ती नाही खोलीत.

१.५०

पडद्यात पाहिलं. रस्त्याच्या टोकाला दोन लाल आकार. एक उंच. एक त्याच्या कमरेइतका.

मी पाठवलं तिला. मीच. बोट धरलं होतं तिने आणि मी त्याला लांब ढकललं —

बाईंना हाक मारली नाही. त्या येऊन काय करणार? दावं इथे आहे. ओढायचं ते मीच. पण हळू. झटका बसला आणि तिची मूठ सुटली तर ती तिथेच राहील. एकेक आकडा. प्रत्येकावर थांबून लिहितो. ताई, हे तुझ्यासाठी.

तीस. दोघं आहेत. तिचा फ्रॉक ओळखू येतो, किनारीवरून.

पंधरा. तिने मान खाली घातलीय.

दहा.

सात. खालच्या दिव्याच्या उंचीला आहेत. पाय टेकलेले नाहीत कशावर.

पाच. खिडकीबाहेर, हवेत. नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही. काचेवर वाफ धरलीय. दोन ठिकाणी. एक वर, एक खाली.

तीन. वाफ आतल्या बाजूने.

दोन — खूप गार — पेन चालत नाही नीट

दीड. तिचा आवाज. बाबा म्हणाली. मी हो म्हणालो, आहे मी, आहे.

एक. सांगितलं तिला, बोट सोड. तूच म्हणालास सोडायचं नाही, म्हणते. रडतेय. मी चुकीचं शिकवलं बाळा, सोड, माझं धर. डावा हात पुढे केलाय, लेन्सच्या समोर. उजव्याने लिहितो

साठ.

आली! आली, दिसली, अंगावर पडली, गार पडलीय पण माझीच आहे, पडलेल्या दाताची खिंड आहे — माझ्या पाठीमागे उभी केलीय. दोन्ही हातांनी माझा सदरा धरलाय तिने. दोन्ही हातांनी.

मग माझं बोट त्याने धरलं

सुटत नाही. ओढून बघितलं. हाडापर्यंत गार. वर सरकतंय, मनगटाशी

त्याने वहीसकट खिडकीकडे ओढलंय, आता कॅमेऱ्यापर्यंत माझा हात पोचत नाही. तिचा पोचतो. नाहीतर हा इथेच, साठवर, तिच्या जवळ. आयुष्यभर. नाही. ते नाही.

सांगितलं तिला. भिंगरी, फिरव बरं रिंग. तुला येतं ना. आडव्या आठापर्यंत. डोळे मिटून. मग खाली आजींकडे पळ. मी नंतर येतो म्हणालो. खोटं बोललो

शहाणी आहे. जातेय कॅमेऱ्याकडे. कुठल्या बाजूला विचारते. सांगितलं.

ताई, दहा वाजता घड्याळजी. स्क्रू. विसरू नकोस. आणि तिला बघू देऊ नकोस त्यातून. ती मला शोधेल. मी टोकाला हात हलवताना दिसेन, पण तो मी नसेन, तिला सांग, कितीही बोलावलं तरी जवळ आणू न